हार्नेस रुततोय म्हणजे साईजच चुकली असं नाही, मुळात प्रकारच चुकलाय

पत्र:

ताई नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला, वय २६. मामाबरोबर झाडं छाटायची कामं घेतो. बांधावरचे सिल्व्हर ओक, सांगलीत बंगल्यातले नारळ आणि आंबे, रस्त्याकडेच्या चिंचा, आणि पावसाळ्याच्या तोंडाला तर रोजच काम असतं. मामा अजून कमरेला कासरा बांधूनच चढतात. मला आतेभावानं त्याचा हार्नेस (उंचावर काम करताना अंगाला बांधायचे पट्टे) दिलाय, तो चाळकेवाडीला पवनचक्कीवर कामाला होता. पण अर्ध्या तासात जांघेत पट्टा रुतायला लागतो, खांदे ओढले जातात, उजवी मांडी बाहेरच्या अंगाला बधिर पडते आणि रात्री कंबर धरते. वजन ५८ किलो, पँट २९ ची. साईज मोठी होतेय का? इथं गाड्यांचे सीट कव्हर शिवणारा एकजण ओळखीचा आहे, तो म्हणतो सीटबेल्टचा पट्टा आणून तुझ्या मापात मस्त शिवून देतो, स्वस्तात. शिवून घेऊ का? आणि नवीन घ्यायचा झाला तर एकच घेऊन मामा आणि मी दोघांनी आलटून पालटून वापरला तर चालेल का?

— एक वाचक, तासगाव

उत्तर:

भावा, शिवून घेऊ नको. बाकी सगळं सावकाश सांगते पण हे आधीच सांगून टाकते, कारण उद्या परवा तू त्याच्याकडे माप द्यायला जायचास.

आता तुझ्या त्रासाकडे येऊ. तुला वाटतंय साईज मोठी होतेय, आणि थोडी होतही असेल, पण खरं दुखणं ते नाही. तुझ्याकडे आहे तो फुल बॉडी हार्नेस, म्हणजे पडलेल्या माणसाला पकडायचा हार्नेस. पवनचक्कीच्या टॉवरात माणूस शिडीनं चढतो, त्याचं सगळं वजन पायावर असतं, हार्नेस नुसता अंगावर असतो आणि वाट बघत असतो की पाय सुटला तर धरायचं. म्हणून त्याची मुख्य कडी पाठीवर दोन खांद्यांच्या मधे असते नाहीतर छातीवर, म्हणजे माणूस पडला तर उभाच लोंबकळेल, उलटा होणार नाही. आणि एकदा पडला की त्याला लवकरात लवकर खाली घ्यायचं असतं, त्यामुळे जांघेतून जाणारे पट्टे अरुंद, बिनगादीचे असले तरी चालतं, तेवढ्या वेळापुरतं कोणी आरामाचा विचार करत नाही. तो हार्नेस त्याच्या जागी उत्तम आहे. पण तू झाडावर काय करतोस, तर त्याच्यात तासन् तास बसतोस. दोर बहुतेक छातीच्या कडीला लावत असशील, म्हणून वजन आलं की खांद्याचे पट्टे वर ओढले जातात आणि कंबर वाकवायला गेलं की सगळा भार त्या दोन अरुंद पट्ट्यांवरून जांघेत येतो. ह्याच्यात एक नंबर लहान साईज घेतलीस तरी जांघेत रुतायचं ते रुतणारच.

झाडाच्या कामाचा हार्नेस वेगळा असतो, त्याला खांद्याचे पट्टे असले तर असतात नाहीतर नसतातही. कमरेला रुंद गादीचा पट्टा, दोन्ही मांड्यांना रुंद गादीचे पट्टे (लेग लूप म्हणतात त्याला), कमरेच्या दोन्ही बाजूला एकेक डी कडी आणि पुढं बेंबीच्या खाली एक आखूड दोर किंवा पट्टा आडवा लावलेला, त्याला ब्रिज म्हणतात. त्या ब्रिजवर एक रिंग इकडून तिकडं सरकते आणि तुझा मुख्य दोर त्या रिंगला लागतो. त्यामुळं तू डावीकडं झुकलास तर रिंग सरकते, कंबर पिळली जात नाही. फांदीच्या टोकाला जाऊन कापायचं असलं की ह्याची किंमत कळते. वड, चिंच, आंबा असल्या पसरट झाडात ब्रिजशिवाय काम करणं म्हणजे दिवसभर स्वतःच्या कमरेशी कुस्ती आहे.

विकत घेताना लेबल बघायचं. युरोपातल्या मानकांप्रमाणे बनलेल्या मालावर ईएन ३५८ लिहिलेलं असतं, म्हणजे बाजूच्या कड्यांना लँयार्ड (खोडाभोवती फिरवायचा आखूड दोर) लावून खोडाला रेलून काम करायचा पट्टा, आणि ईएन ८१३ म्हणजे बसून लटकायचा हार्नेस. झाडाच्या कामाला हे दोन्ही पाहिजेत, एकाच हार्नेसवर. नुसतं ईएन ३६१ असेल तर तो तुझ्याकडे आहे तसलाच, पडताना धरायचा. आपल्याकडं आयएस ३५२१ हे मानक आहे, बांधकामावरच्या बहुतेक हार्नेसवर तेच दिसतं, आणि दुकानदार तो आकडा दाखवून म्हणेल की ह्याच्यात सगळं आलं, पण तू आकड्यावर जाऊ नको, पुढं बसायची कडी किंवा ब्रिज आहे का आणि बाजूला दोन कड्या आहेत का ते डोळ्यानं बघ. नसेल तर शिक्का कितीही चांगला असला तरी तो तुझ्या कामाचा नाही.

अजून एक प्रकार तुला कोणीतरी सुचवेलच, कारण सातारा भागात ट्रेकिंग-क्लायंबिंगवाली पोरं भरपूर आहेत. कडे चढायचा हार्नेस. हलका असतो, छान बसतो, घातला की वाटतं हेच पाहिजे होतं. पण तो ईएन १२२७७ चा असतो, गिर्यारोहणाचा, बाजूला भार घेणाऱ्या कड्या नसतात, आणि कमरेला जे लूप दिसतात ना ते सामान अडकवायचे असतात, त्याला कधीच लँयार्ड लावायचा नाही, वजन आलं की तुटतात. पट्टे पातळ असतात, आणि शेजारी चेनसॉ (मशीनची साखळी-करवत) चालणार हा विचार करून तो बनवलेलाच नसतो. मित्राकडून मागून आणून एखादा दिवस काढू असं मनात आलं तरी नको.

आता शिवून घ्यायचं. तो कारागीर चांगलाच असेल, सीट कव्हर शिवण्यात त्याचा हात बसलेला असेल, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ईएन ३५८ च्या पट्ट्याला चाचणीत १५ किलोन्यूटनचा ओढ देतात, म्हणजे साधारण दीड हजार किलो टांगल्यासारखं, तेही मिनिटं मोजून, आणि शिवण उसवता कामा नये. हार्नेसची जी दाट नागमोडी शिवण दिसते तिच्यात धागा कोणता, टाके किती, कुठल्या दिशेनं, हे सगळं ठरलेलं असतं. जाड सुईनं पट्ट्यातून आरपार टाके घातले की पट्ट्याचे धागेच तुटत जातात आणि वरून काही दिसत नाही. सीटबेल्टचा पट्टा मजबूत असेल, पण बक्कल? कडी? त्या कडीजवळची शिवण? शिवलेल्या हार्नेसची चाचणी तुझ्याच अंगावर होणार आहे, तीही तीस-चाळीस फुटांवर, आणि तिथं उसवलं तर दुसरा चान्स नसतो रे. हां, त्या कारागिराकडून एक गोष्ट करून घेता येईल. मांडीच्या पट्ट्यावर चढवायची वेगळी गादी, उशीच्या खोळीसारखी, वेलक्रो लावून नुसती गुंडाळायची, हार्नेसला एकही टाका न घालता. ती निघाली-सरकली तरी काही बिघडत नाही. फक्त ती एवढी जाड नको की बक्कल झाकलं जाईल.

आता मापाचं सांगते, कारण प्रकार बरोबर घेऊनही लोक इथंच चुकतात.

पँटचा नंबर विसर. पँट आपण कमरेच्या खाली घालतो, हार्नेस वर बसतो. दोन्ही बाजूला कमरेवर हात ठेवून दाबलंस की हाडाची कड लागते ना, पट्टा त्या कडेच्या लगेच वर बसला पाहिजे, म्हणजे वजन आलं तरी ती कड त्याला खाली सरकू देत नाही. तिथं टेप लाव, कामाचे कपडे घालून, आणि इंचात नको सेंटिमीटरमधे लिहून ठेव कारण बहुतेक कंपन्यांचे तक्ते सेंटिमीटरमधे असतात. २९ इंच म्हणजे ७४ सेंटिमीटरच्या आसपास, पण वर मापलंस आणि शर्टावरून मापलंस की दोन-चार सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. तुझ्यासारखी सडपातळ पोरं त्या तक्त्यात सगळ्यात लहान साईजच्याही खालच्या टोकाला येतात आणि मग काय होतं, पट्टा पूर्ण आवळला तरी सैल, बक्कल शेवटाला येऊन टेकलेलं. असं माप घेऊ नको. आवळून झाल्यावर दोन्हीकडं जागा उरली पाहिजे, आणखी आवळायलाही आणि सैल करायलाही, कारण महाबळेश्वर-पाचगणीकडं थंडीत काम आलं तर आत स्वेटर येणार आणि मे महिन्यात तासगावात नुसता टीशर्ट.

साईज मोठी पडल्याची एक खूण अशी की बाजूच्या कड्या पुढं पोटाकडं येतात. लहान पडली तर त्या मागं जातात आणि गादी हाडाच्या आधीच संपते, मग नुसता पट्टा हाडावर घासतो. कड्या बरोबर बाजूला, हाडाच्या रेषेत पाहिजेत. तू सिल्व्हर ओकवर आणि नारळावर खोडाला लँयार्ड घालून मागं रेलतोस तेव्हा सगळा भार ह्याच दोन कड्यांतून कमरेच्या मागच्या गादीवर येतो, म्हणून मागची गादी रुंद असलेली बघ. तुझी रात्री कंबर धरते त्याला हे एक कारण असणारच, कारण नुसत्या पडताना धरायच्या हार्नेसला बऱ्याचदा कमरेची गादीच नसते. तुझ्या हार्नेसला बाजूला कड्या आहेत का ते तू लिहिलं नाहीस, असतील तर ठीक, पण नसतील तर तू लँयार्ड कुठं लावतोस ह्याची मला काळजी वाटतेय.

मांडीचे पट्टे मांडीच्या अगदी वर बसतात, आणि उभं असताना पट्टा आणि मांडी ह्याच्यात चपटी बोटं आत गेली पाहिजेत पण मूठ नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. जे माहीत नसतं ते म्हणजे मांडीचा पट्टा आणि कमरेचा पट्टा ह्यांना जोडणाऱ्या उभ्या पट्ट्या. बऱ्याच हार्नेसमधे त्या कमी-जास्त करता येतात आणि लोक त्यांना कधी हातच लावत नाहीत. त्या लांब राहिल्या तर तू लटकलास की मांड्यांवर भारच येत नाही, सगळा कमरेवर येतो आणि पट्टा वर सरकत सरकत बरगड्यांना जाऊन टेकतो, श्वास घ्यायला जड जातं. फार आखूड केल्या तर उलट, मांड्या वर ओढल्या जातात, कमरेचा पट्टा खाली ओढला जातो आणि उभं राहिलं की कुबड काढून चालावं लागतं. मधलं सापडेपर्यंत थोडं-थोडं फिरवत राहायचं. बसल्यावर जास्त भार मांड्यांवर आणि कमरेचा पट्टा नुसता पाठीला आधार द्यायला, असं वाटलं पाहिजे.

आणि ब्रिज. आखूड ब्रिज असला की दोराच्या जवळ राहता येतं, वर चढताना सोपं जातं, पण तो दोन्ही बाजूच्या कड्या आत ओढतो आणि हिपची हाडं चिमट्यात सापडल्यासारखी दाबली जातात. लांब केला की तो आतला ओढ कमी होतो, वळायला जागा मिळते, फक्त रिंग वर जाते आणि हात लांब करावा लागतो. पुष्कळ लोक म्हणतात हार्नेस हिपला दुखतो, साईज बदलतात, पैसे घालवतात, आणि खरं ब्रिज चार बोटं लांब केला असता तर काम झालं असतं. म्हणून ब्रिज बदलता येतो असाच हार्नेस घे. तसाही झिजतो सगळ्यात आधी तोच, रिंग सारखी त्याच्यावर घासत असते, आणि तेवढाच नवीन टाकता आला तर सगळा हार्नेस फेकावा लागत नाही. पण बदलायचा तो कंपनीचाच, त्याच मॉडेलचा, बाजारातला कुठला दोर कापून गाठ मारून नाही.

लेग लूपच्या ऐवजी ढुंगणाखाली एक सलग रुंद पट्टा किंवा फळीसारखी बैठक असलेले हार्नेसही मिळतात. एकाच जागी बसून तासभर काम असेल तर त्याच्यासारखं सुख नाही. पण वडाच्या आडव्या फांदीवरून चालत टोकाला जायचं असलं की ते मागून पायात येतं. तुझी कामं मिसळ आहेत, तुला लेग लूपच बरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे केल्याशिवाय पैसे देऊ नको. उभं राहून, आरशात बघून, दोन उड्या मारून हार्नेस कळत नाही, उभं असताना सगळेच हार्नेस छान वाटतात. तो टांगून बघावा लागतो. घरामागं आंबा असेल, त्याच्या जाड फांदीला दोर टाक, पाय जमिनीपासून जेमतेम वीतभर सुटतील एवढंच वर हो, मामांना शेजारी उभं कर, आणि अर्धा तास लटक. नुसतं लटकू नको. दोन्ही हात सोडून समोर काम केल्यासारखं कर, डावीकडं-उजवीकडं लांब हात घाल, मागं आडवा हो, एक गुडघा छातीकडं घे, कमरेला सॉ अडकव. झाडावरची छोटी चेनसॉ तीन-साडेतीन किलोची असते, ती एका बाजूला लोंबायला लागली की पट्टा कसा फिरतो ते बघ. पाच मिनिटांत बरं वाटलेला हार्नेस विसाव्या मिनिटाला खरं रूप दाखवतो. सांगली-साताऱ्यात दुकानात बहुतेक बांधकामाचेच हार्नेस पुढं करतात, त्यामुळं तुला पुणे-मुंबईच्या डीलरकडून किंवा ऑनलाईन मागवावा लागेल, तर ऑर्डर देण्याआधी फोन करून स्पष्ट विचार की टॅग न काढता, स्वच्छ जागेत टांगून बघितला आणि जमला नाही तर परत घेणार का. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नको, दोन-पाचशे जास्त गेले तरी चालतील.

टांगून बघताना कुठं दुखतंय ते लक्षात ठेव, त्यावरून काय फिरवायचं ते कळतं. बरगडीला टोचलं तर उभ्या पट्ट्या लांब आहेत किंवा कमर सैल आहे. हिपला दाबलं तर आधी ब्रिज बघ. जांघेत आतून चिमटा आला तर मांडीचा पट्टा खाली घसरलाय किंवा पँटची शिवण आत सापडलीय, आणि हे दुसरं कारण फार वेळा असतं. जीन्स घालून चढत असशील तर ती बंद कर, तिची आतली शिवण दोरीसारखी जाड असते, त्यापेक्षा ताणणारी ट्रेकिंगची पँट घाल. हाफ चड्डीवर तर हार्नेस नकोच, घामानं एका दिवसात मांड्या सोलून निघतील.

तुझ्या उजव्या मांडीच्या बधिरपणाबद्दल जरा वेगळं सांगायचंय. हिपच्या हाडाचं पुढचं टोक हाताला लागतं ना, त्याच्या जवळून एक नस मांडीच्या बाहेरच्या अंगाला जाते. घट्ट पट्टा तिथं सारखा दाबत राहिला की मांडीचा तेवढाच भाग बधिर होतो, कधी मुंग्या येतात, कधी आग होते. मला पहिला प्रश्न हा पडला की उजव्या खिशात मोबाईल असतो का तुझा? किंवा किल्ल्या? पट्ट्याखाली मोबाईल दाबला जाऊन असं होऊ शकतं. आजपासून पुढचे दोन्ही खिसे रिकामे ठेवून चढ आणि फरक पडतो का बघ. मोबाईल लागतोच वर, मदत बोलवायला, पण तो छातीच्या खिशात ठेव, चेन असलेल्या. आणि हार्नेस आठ-दहा दिवस बाजूला ठेवूनही बधिरपणा गेला नाही, किंवा पायात जोर कमी वाटायला लागला, तर दाखवून घे, मिरज तुला जवळच आहे, दवाखान्यांची तिथं कमी नाही. हे अंगावर काढायचं दुखणं नाही.

पैशाचं म्हणशील तर झाडाचा चांगला हार्नेस बांधकामाच्या हार्नेसच्या कित्येक पट महाग पडतो, पेट्झल, टॉयफेलबर्गर, एडेलरिड असल्या कंपन्यांचा तर चांगलाच महाग. तुझं उत्पन्न हंगामी आहे हे मला कळतं. पण पैसे कुठं वाचवायचे ते सांगते. सामान अडकवायचे दहा लूप, भारी बक्कल, चकचकीत रंग, ह्याच्यावर वाचव. गादी, बदलता येणारा ब्रिज आणि बरोबर मापाची साईज, ह्याच्यावर वाचवू नको. आणि सेकंडहँड नको, कारण पट्ट्यावर कधी पेट्रोल सांडलं, कधी सॉची साखळी घासून गेली, किती वर्षं उन्हात गाडीच्या टपावर होता, हे विकणारा सांगत नाही आणि बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं.

ह्याच्यावरून तुझ्या आतेभावाचा हार्नेस. त्याच्या लेबलवर बनवल्याची तारीख बघ. कापडी-प्लास्टिकच्या मालाला बऱ्याच कंपन्या जास्तीत जास्त १० वर्षं देतात, तेही काही झालं नसेल तर. आणि त्याला विचार, हा त्याला मिळाला कसा. मोठ्या साईटवर हार्नेसची तपासणी होते, नापास झालेला किंवा पडलेल्या माणसाला धरलेला बाद करतात. तसला बाद झालेला असेल, किंवा लेबल वाचताच येत नसेल, तर मनात किंतु न आणता पट्टे कापून टाक, म्हणजे दुसरं कोणी उचलून घालायचं नाही. चांगला निघाला तरी झाडावर बसायला वापरू नको.

नवीन आणलास की रोज चढायच्या आधी हातात घेऊन बघायचा, पट्टा बोटांनी वाकवून कडेला धागे सुटलेत का, कुठं कडक किंवा चकाकी आलीय का (घासून तापलं की नायलॉन वितळून चकाकतं), शिवणीचा रंग पट्ट्यापेक्षा वेगळा असतो तो तुटला की लगेच दिसतो. ट्रॅक्टरवर बॅटरीशेजारी, पेट्रोलच्या कॅनशेजारी टाकू नको, ॲसिडचा वाफारासुद्धा नायलॉनला खातो. घामानं आंबूस वास आला तर कोमट पाण्यात साध्या साबणानं धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. नाव घालायचं असेल तर लेबलवर घाल, पट्ट्यावर मार्कर नको.

सॉ हातात असताना नुसत्या मुख्य दोरावर राहू नको, सॉ सुरू करायच्या आधी बाजूच्या कड्यांतून लँयार्डही खोडाला घाल, म्हणजे एक कापला गेला तरी दुसरा धरतो. वायरीच्या जवळच्या फांदीला महावितरणकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, ओला दोर आणि ओली फांदी असली की हार्नेस कितीही चांगला असो, त्याचा काही उपयोग नाही.

शेवटचा प्रश्न तुझा, एकाच हार्नेसमधे दोघं. मामांचं माप तू लिहिलं नाहीस, पण तुझ्यात आणि त्यांच्यात पोटाचा फरक असणारच आणि एका साईजमधे दोघं नीट बसणं अवघड आहे. समजा बसले, तरी प्रत्येक वेळी उभ्या पट्ट्या, ब्रिज, मांडी सगळं परत लावावं लागणार, आणि घाईच्या दिवसात ते कोणी करत नाही, पहिल्याच्या मापात दुसरा चढतो. पण मी नाही म्हणतेय त्याचं मोठं कारण हे नाही. तू वर असताना तुला चक्कर आली, सॉ लागली, फांदी डोक्यात बसली आणि तू बेशुद्ध होऊन हार्नेसमधे लोंबकळत राहिलास तर? हालचाल न करता लटकलेल्या माणसाचं रक्त पायात साचत जातं आणि काही मिनिटांतच प्रकरण जिवावर येऊ शकतं. १०८ ला फोन लावला तरी ॲम्ब्युलन्स झाडाखाली येऊन थांबेल, वर चढून तुला खाली आणणार कोण? मामाच. आणि त्यांच्याकडं तेव्हा कासरा असून भागणार नाही.

म्हणून पहिला हार्नेस तुझ्या मापाचा घे, ह्या हंगामाच्या आधी. दुसरा मामांच्या मापाचा, साधा असला तरी चालेल, आणि त्याच्याबरोबर दुसरा दोरही, तो काम सुरू व्हायच्या आधीच झाडावर टाकून ठेवायचा. दोन्ही एकदम जमत नसतील तर तोपर्यंत उंच झाडांची कामं घेऊ नका, शिडीवरून किंवा जमिनीवरून लांब दांड्याच्या करवतीनं होतील तेवढीच घ्या. आणि मामांना अंगणातल्या आंब्याला वीतभर उंचीवर तुझ्या नव्या हार्नेसमधे पाच मिनिटं बसव, माप जुळत नसलं तरी. मग दुसऱ्या हार्नेसला ते स्वतःच पैसे काढतील असं मला वाटतं. माप घेतलंस की कमर आणि मांडी दोन्ही सेंटिमीटरमधे मला लिहून पाठव, मामांचंही, मग साईजच्या तक्त्यात बसवून बघू.